पक्षाघातावरील तातडीचे उपचार गरिबांना वेळेत का मिळत नाहीत?

किनवटची_भाची:

नमस्कार. माझे मामा किनवट तालुक्यातील एका वाडीवर राहतात आणि शेतमजुरी करतात. गेल्या पावसाळ्यात घरातील सगळे निंदणीला गेलेले असताना त्यांच्या अंगावरून वारे गेले. मामी दुपारी परतल्या तेव्हा ते ओट्यावर पडलेले होते, तोंड वाकडे झाले होते आणि उजवा हात उचलत नव्हता. जीप ठरवून आधी ग्रामीण रुग्णालय आणि तिथून नांदेड, असे करत सीटी स्कॅन होईपर्यंत रात्र झाली. मेंदूच्या रक्तवाहिनीतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येते, असे तिथे कळले. त्याच सुमारास पुण्यात माझ्या कार्यालयातील एका वरिष्ठांना हाच आजार झाला. त्यांना ते इंजेक्शन वेळेत मिळाले आणि आज ते कामावर येतात. मामांच्या शर्टाची बटणे मात्र मामींना लावून द्यावी लागतात. रेशन कार्ड आहे, सरकारी योजना आहे, १०८ आहे. तरीही हा फरक नेमका कुठे पडतो?

जिल्हा_फिजिशियन:

ताई, उपचाराचा खर्च हे कारण सर्वांना दिसते, परंतु माझ्या मते ते पहिले कारण नव्हे. हा आजारच घड्याळाचा आहे. अल्टेप्लेस, म्हणजे गुठळी विरघळवणारे इंजेक्शन, तीन तासांच्या आत दिल्यास अपंगत्व कमी होते हे १९९५ मध्ये सिद्ध झाले आणि २००८ मध्ये ती मर्यादा साडेचार तासांपर्यंत वाढली. मोठी गुठळी धमनीतून नळी घालून बाहेर काढण्याचा उपचार २०१५ पासून प्रस्थापित झाला असून निवडक रुग्णांत तो चोवीस तासांपर्यंत करता येतो, पण त्यासाठी लागणारे तज्ज्ञ आणि कॅथलॅब (धमनीत नळी घालून उपचार करण्याची खास खोली) मोजक्या मोठ्या शहरांतच आहेत. इंजेक्शन देण्यापूर्वी मेंदूत रक्तस्राव नाही याची सीटी स्कॅनवर खात्री करावीच लागते, कारण रक्तस्राव असताना ते दिले तर जिवावर बेतते. त्यामुळे जिथे सीटी नाही अशा रुग्णालयात रुग्णाला आधी नेणे म्हणजे बहुतेकदा हातची वेळ घालवणे होय.

आता आपल्या मामांचे पाहा. वेळ मोजली जाते ती रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून. मामी सकाळी आठला घराबाहेर पडल्या असतील आणि झटका दुपारी एक वाजता आला असेल, तरी कोणी पाहिलेले नसल्यामुळे आम्हाला आठपासूनच मोजावे लागते. म्हणजे त्या परतण्यापूर्वीच मुदत संपलेली असते. एमआरआयवरून काही वेळा अंदाज बांधता येतो, पण रात्री-अपरात्री ती सोय किती ठिकाणी असते? कार्यालयात शेजारी बसलेल्या माणसाला सहकाऱ्याची जीभ अडखळलेली तत्काळ जाणवते. ज्या घरात प्रत्येकाला रोजंदारीवर जावे लागते, त्या घरातील आजारी माणूस त्या क्षणी एकटा असतो, आणि गरिबीचा हा तोटा कोणतीही विमा योजना भरून देत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण ‘उशीर केला’ हा दोष शेवटी नातेवाइकांच्याच माथी मारला जातो.

आरोग्यहक्क_वाचक:

डॉक्टरांशी मी सहमत आहे, परंतु पैशाचा मुद्दा इतक्या लवकर बाजूला सारू नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण २०२३ च्या निर्णयानुसार सर्व कुटुंबांना पाच लाख रुपयांपर्यंत झाले आणि तातडीच्या रुग्णासाठी दूरध्वनीवरून कळवून उपचार सुरू करण्याची तरतूदही त्यात आहे. प्रत्यक्षात कागदपत्रे जमेपर्यंत अनामत रक्कम मागितली जाते, मुलगा गावात उसनवारीसाठी फिरत राहतो आणि तेवढ्यात मुदत टळते. विशेष म्हणजे टेनेक्टेप्लेस हे गुठळी विरघळवणारे आणि शिरेतून एकाच मात्रेत देता येणारे इंजेक्शन पुण्यातील जेनोव्हा कंपनी तयार करते, म्हणजे औषध आपल्याच राज्यात बनते.

गडचिरोलीतील ग्रामीण भागात ‘सर्च’ संस्थेने केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास यासाठी महत्त्वाचा आहे. त्यात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण पक्षाघात हेच आढळले. सुमारे दर सात मृत्यूंमागे एक. त्यांतील बहुतेक माणसे घरीच वारली. पक्षाघात हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार आहे, असे मानून आरोग्य व्यवस्थेची आखणी करणाऱ्यांनी हे वाचायला हवे.

किनवटची_भाची:

दोघांचेही आभार. मामींना आपलेच चुकले असे वाटत राहते; हे उत्तर मी त्यांना वाचून दाखवीन. पण मेंदूरोगतज्ज्ञ प्रत्येक तालुक्यात येणे शक्य नाही, मग यावर उपाय तरी काय?

जिल्हा_फिजिशियन:

तज्ज्ञ प्रत्येक ठिकाणी असण्याची गरज नाही. हिमाचल प्रदेशाने २०१४ च्या सुमारास हे करून दाखवले. सीटी असलेल्या जिल्हा रुग्णालयांतील डॉक्टर स्कॅनची छायाचित्रे मोबाइलवरून वैद्यकीय महाविद्यालयातील मेंदूरोगतज्ज्ञांना पाठवतात, त्यांच्या सल्ल्याने तिथेच इंजेक्शन देतात आणि त्याचा खर्च सरकार उचलते. डोंगराळ राज्याला जे जमले ते मराठवाड्याला आणि विदर्भाला जमू नये, असे काही नाही. औषधाचा साठा आणि चोवीस तास चालणारे सीटी यंत्र एवढी मागणी जिल्हा परिषद सदस्य आणि आमदारांकडे लेखी करा.

वाडीवर आशाताईंच्या मदतीने इतके सांगून ठेवा: तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे किंवा बोलणे अडखळणे यांपैकी एक जरी दिसले तरी १०८ ला फोन करून जवळचे चालू सीटी असलेले रुग्णालय कोणते हे आधी विचारावे, रुग्णाला शेवटचे ठीक कधी पाहिले ती वेळ लिहून घ्यावी, आणि सीटी होईपर्यंत तोंडाने पाणी किंवा ॲस्पिरिनही देऊ नये. मामांचा रक्तदाब सध्या कोण तपासते? दुसरा झटका टाळण्यासाठी त्यांच्या गोळ्या एक दिवसही खंडू देऊ नका. रक्तदाबाच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळतात.