शब्दचर्चा: आयुष्यात 'अर्थ' असतो की 'राम'?

शब्दवेडी
मदत हवी आहे. मी जळगावात मानसशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाची मुलं कॉलेजात कशी रुळतात आणि जगण्याला अर्थ आहे असं वाटण्याचा त्याच्याशी काय संबंध, यावर काम चालू आहे. त्यासाठी मायकेल स्टेगर आणि सहकाऱ्यांची २००६ ची प्रश्नावली मराठीत आणतेय. विधानं दहाच. पाच 'अर्थ आहे' याची, पाच 'अर्थ शोधतोय' याची, आणि प्रत्येकापुढे १ ते ७ आकडे. एका दुपारचं काम वाटलं होतं. तीन आठवडे झाले.

गाडी पहिल्याच शब्दावर अडली. 'जीवनाचा अर्थ' लिहिलं की मुलं प्रवचनाला बसल्यासारखी होतात आणि मधल्या ४ वर गोल करून मोकळी होतात. मूळ प्रश्न तत्त्वज्ञानाचा नाही. तुला तुझ्या जगण्यात अर्थ वाटतो का, एवढाच आहे. म्हणून 'जीवनातील अर्थ' केलं. तर चोपड्याकडच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, अर्थ म्हणजे पैसाच ना? अर्थशास्त्रातला?" आणि खाली लिहिलं की वडिलांनी कर्ज काढून पाठवलंय, म्हणून अर्थ शोधतोय. त्याचं उत्तर चूक म्हणायला माझी जीभ रेटेना. पण मी विचारलं होतं ते हे नव्हतं.

'हेतू' घेतला तर पोलिसाने विचारल्यासारखं वाटतं, काय हेतूने आलास? 'प्रयोजन' कुणाच्या तोंडात नाही. आमच्या विद्यापीठाखाली जळगाव, धुळे, नंदुरबार असे तीन जिल्हे येतात. एकाच बाकावर अहिराणीवाला, लेवा बोलीवाला आणि पावरी बोलणारा बसतो. तिघांनाही आपला वाटेल असा शब्द हवाय. दुसरी अडचण 'ॲडजस्टमेंट'ची. पुस्तकात 'समायोजन' आहे. ठेवू का?

निवृत्त मास्तर
ताई, 'समायोजन' अवश्य ठेवा. बी.एड.च्या पिढ्यान्‌पिढ्या तो शब्द शिकल्या आहेत. अर्थासाठी 'सार्थकता' घ्या. परिभाषा सोपी करण्याच्या नादात सैल होते, आणि सैल शब्दाने मोजमाप होत नाही.

धुळ्याची वाट
सर, राग मानू नका, पण 'समायोजन' ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. शाळेचा पट घटला, आई अतिरिक्त शिक्षिका ठरली, आणि तिचं समायोजन झालं तालुक्याच्या पार दुसऱ्या टोकाला. रोज दोन एसट्या बदलायची. त्या शब्दात माणूस स्वतः काहीच करत नाही, त्याला उचलून दुसरीकडे ठेवतात. कॉलेजात आलेलं पोरगं तसं नसतं. ते स्वतःच धडपडून जागा करतं.

निवृत्त मास्तर
तुमच्या मातोश्रींना त्रास झाला याचं वाईट वाटतं. पण कार्यालयांनी वापरला म्हणून शब्द टाकायचा ठरवलं तर मराठीत उरेल काय? 'नोंद', 'दाखला', 'हजर' हेही टाकावे लागतील.

भुसावळ जंक्शन
सरळ 'रुळणे' का नाही? शब्दवेडीताईंनी पहिल्या ओळीत स्वतःच वापरलाय. आम्ही रेल्वे कॉलनीतले. वडील म्हणायचे, डबा रुळावर आला की पुढचं आपोआप होतं. रूळ, त्यावरून रुळणे.

तापीकाठ
भाऊ, मुंबई-ठाणे गाडी सुटली १८५३ ला. माळ गळ्यात त्याच्या कितीतरी आधीपासून रुळतेय, केस खांद्यावर रुळताहेत. रुळणे म्हणजे सैलपणे, सहज लोळणे. नवी चप्पल आधी चावते, मग पायात रुळते. तसंच पोरगं.

भुसावळ जंक्शन
व्युत्पत्ती तुमची खरी असेल. पण माझ्या कानाला त्यात गाडीच ऐकू येते, आणि भुसावळात वाढलेल्या कुणालाही तीच येईल. ऐकू येणारा अर्थ हाही अर्थच ना?

कांदेबाग
मी रावेरचा, केळीवाला. आम्ही रोपाबद्दल बोलतो, 'जीव धरला का?' मृगबागेची लागवड जून-जुलैत, कॉलेजचं ॲडमिशनही तेव्हाच. लावल्यावर काही रोपं जीव धरतात, काही मान टाकतात. मेलेल्यांच्या जागी नवीन लावतो, त्याला नांग्या भरणे म्हणतात. पण दोन-चार आठवड्यांतच भरल्या पाहिजेत, नाहीतर नवं रोप मागे पडतं आणि शेजारचं त्याला सावलीत दाबतं. माझा पुतण्या गेल्या वर्षी पुण्याला गेला आणि दिवाळीला आला तो परत गेलाच नाही. तिथे त्याच्याकडे वेळेवर कुणी बघितलं नाही, असं मला वाटतं. अभ्यासात हुशार होता. त्याने जीव धरला नाही, याला मी दुसरा शब्द वापरूच शकत नाही.

शब्दवेडी
दादा, वाचून थांबले जरा. कॉलेजात रुळण्याची एक जुनी प्रश्नावली आहे, बेकर आणि सिरिक यांची, ६७ विधानांची. तिचे चार भाग आहेत: अभ्यास, माणसं, स्वतःचं मन, आणि संस्थेशी जडलेलं नातं. त्या चौथ्याला मी 'संस्थात्मक आसक्ती' लिहून ठेवलं होतं. आता खोडते. तिथे 'कॉलेजला जीव लागला' हवं.

तापीकाठ
तुम्ही सगळे साधा शब्द विसरताय. माझी आजी शिरपूरची. लेकीकडे नाशिकला गेली की तिसऱ्या दिवशी म्हणायची, "माले आठे गमत नही." हॉस्टेलच्या पोराला नेमकं हेच होतं. ज्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाईंचं नाव आहे, तिथल्या प्रश्नावलीत 'गमणे' यायलाच हवं.

अकोल्याहून
'गमत नाही' हा आमचा वऱ्हाडी शब्द आहे. नागपूरपर्यंत कुणालाही विचारा. मी सहा वर्षं जळगावात होते, तिथे 'करमत नाही' ऐकलं.

नंदुरबार रोड
दोघांचंही नाही. गुजरातीत 'गमवुं' म्हणजे आवडणं. नवापूरहून दहा मिनिटं पुढे गेलात की गुजरात. शब्द तिकडून आला.

तापीकाठ
सीमा माणसांनी आखली, शब्दांनी नाही. आणि जळगाव शहरात ऐकलं नाही म्हणजे शिरपुरात नव्हतं असं कसं? शहरात अहिराणी बोलायला लोक लाजतात, हे तुम्हालाही दिसलं असेल.

निवृत्त मास्तर
प्रमाण मराठीत 'करमणे' आहे, त्यावरून 'करमणूक'. वेळ क्रमणे, त्यातून करमणे, असं मला वाटतं. तीन जिल्ह्यांना समान शब्द हवा असेल तर तोच एक आहे.

भुसावळ जंक्शन
आणि 'अर्थ'साठी 'राम' घ्या. 'जगण्यात राम वाटत नाही' हे कुणालाही कळतं.

शब्दवेडी
'राम' काल तोंडी विचारून पाहिला. 'जगण्यात राम नाही' मुलांना लगेच कळलं. 'माझ्या जगण्यात राम आहे' म्हटल्यावर सगळी माझ्याकडे बघत राहिली. मग लक्षात आलं की आपले जवळचे शब्द नकारातच जिवंत आहेत. अर्थ नाही, राम नाही, करमत नाही, गमत नाही. आणि स्टेगरच्या प्रश्नावलीत नकारी विधान एकच, नववं. बाकी नऊ होकारी. मला होकार कुठून आणायचा तेच कळेना.

'शोध'ही तितकाच नाजूक आहे. अमेरिकेत अर्थ शोधणाऱ्यांना अर्थ सापडल्यासारखं कमी वाटतं, असं स्टेगरना दिसलं. जपानात मात्र शोधणं आणि असणं हातात हात घालून निघालं. आपल्याकडे काय निघेल ते मी 'शोधतोय' लिहिते की 'धुंडाळतोय', यावरही ठरेल याची धास्ती वाटते. 'धुंडाळणे'मध्ये हरवल्याची भावना आहे.

निवृत्त मास्तर
ताई, 'सार्थक' होकारी आहे. 'जन्माचं सार्थक झालं' म्हणतोच की आपण.

धुळ्याची वाट
सर, ते नातवाचं तोंड पाहिल्यावर म्हणतात. अठराव्या वर्षी कोण म्हणेल?

अकोल्याहून
'गमणे'बद्दल मी अजून ठाम आहे. 'गंमत'ही त्यातूनच आली असावी, आणि गमतीला सगळा महाराष्ट्र गंमत म्हणतो. मग एकट्या शिरपूरचा हक्क कसा?

तापीकाठ
आजी नाही आता, म्हणून तिच्या धाकट्या बहिणीला फोन केला. ऐंशीच्या पुढे आहे. लग्न होऊन सासरी आल्यावर काय वाटलं होतं, म्हणून विचारलं. म्हणाली, पहिलं वर्ष गमत नव्हतं, मग विहिरीवर एक मैत्रीण मिळाली. मी विचारलं, आणि आता? ती म्हणाली, "आते गमस."

गमस. अहिराणीतल्या 'जास', 'करस' मधला 'स'. अकोल्याच्या ताई, हा 'स' वऱ्हाडी आहे का ते सांगा.

शब्दवेडी
थांबा, हे होकारी आहे. धुळे-नंदुरबारकडचं कुणी आहे का इथे? तुमच्याकडे 'गमस' म्हणतात?

नंदुरबार रोड
आमच्या गल्लीत म्हणतात. पण पावऱ्यांच्या पाड्यावर वेगळं काही असेल. शेजारच्या पोराला विचारून सांगतो, तो सोमवारी हॉस्टेलवरून येतोय.