मदत हवी आहे: 1951च्या जनगणनेवेळचं नागरिक रजिस्टर कुठे पाहायला मिळेल?

आमचं मूळ गाव मालवण तालुक्यात. पणजोबा गिरणीत लागले आणि लालबागला आले. त्यांचे दोन धाकटे भाऊ कुठे गेले, ते शोधतेय.

जनगणनेच्या छापील अहवालांत फक्त आकडे असतात आणि मूळ माहिती गोपनीय, हे माहीत आहे. पण 1951 साली जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव घरनिहाय, नावांसकट नागरिक रजिस्टर तयार केलं होतं. आसामात पुढे नागरिकांची यादी (NRC) अद्ययावत करताना त्याचा आधार घेतला गेला. मला आपल्या गावाचं हवंय.

नाशिकच्या तीर्थोपाध्यायांकडची नामावळ पाहिली (तिथे तिन्ही भावांची नावं सापडली, फार आनंद झाला). सातबारा, जुने फेरफार, गाव नमुना 14 (गावातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी) हेही झालं. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली वेगळा झाला, त्यामुळे जुनं दफ्तर ओरोसला (सिंधुदुर्गच्या मुख्यालयात) की रत्नागिरीत, इथेच घोडं अडलंय. जातीच्या दाखल्यासाठी नको, फक्त वंशावळीसाठी. मी पुण्यात असते, तिकडे एकच फेरी जमेल.

हे रजिस्टर कोणी प्रत्यक्ष पाहिलंय का? कोणत्या कार्यालयात, आणि अर्जात त्याचं नाव काय लिहायचं?