तरुण ताऱ्यांचे झोत फिरतात, हे पोरांना ठाम सांगायचं की नाही?

गिरणाकाठ (चाळीसगाव)
येत्या अमावास्येला पाटणादेवीला शाळेच्या पोरांसाठी आकाशदर्शन ठेवलंय. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनी मठ काढला, त्याचा 1207 चा शिलालेख इथलाच. अशा जागी चुकीचं काही सांगायचं नाही, म्हणून विचारतो.

तक्त्यावर मी लिहिलं, "तरुण तारे वायूचे झोत सोडतात आणि ते झोत स्वतःभोवती फिरतात." सहकाऱ्यांनी 'फिरतात'खाली लाल रेघ मारली. म्हणाले, हे अजून वादात आहे.

मला ते पटत नाही. फुगडीत हात आवळून घेतले की गिरकी वाढते. तारा जन्मतानाही प्रचंड ढग आक्रसतो. ती गिरकी तशीच राहिली तर मधला गोळा जमूच शकणार नाही. तरी तारे होतात, म्हणजे गिरकी काढून नेणारं कुणीतरी हवं. मधल्या गोळ्याभोवती फिरणाऱ्या वायूच्या चकतीतला वायू चुंबकीय रेषांवरून बाहेर भिरकावला जातो, हे गणित ब्लँडफर्ड आणि पेन यांनी 1982 मध्ये कृष्णविवरांच्या चकत्यांसाठी मांडलं आणि पुढे ते तरुण ताऱ्यांनाही लावलं गेलं. मग 2002 मध्ये फ्रान्चेस्का बाचोत्ती आणि सहकाऱ्यांनी हबल दुर्बिणीच्या वर्णपटमापकाची (प्रकाशाचे रंग सुटे करून वेग मोजणाऱ्या यंत्राची) फट डीजी टॉरी या तरुण ताऱ्याच्या झोतावर सात जागी शेजारी शेजारी ठेवून पाहिली. झोताच्या दोन कडांच्या वेगात सेकंदाला 5 ते 20 किलोमीटरचा फरक निघाला. आणखी काय पुरावा हवा?

तापीपल्याड (भुसावळ)
सर, लाल रेघ बरोबर आहे. मी आयुष्यभर मोजमापाच्या यंत्रांवर काम केलंय, म्हणून हा आकडा मला खुपतो. हबलच्या त्या यंत्रात एका पिक्सेलची रुंदीच वेगाच्या मापात सेकंदाला सुमारे 25 किलोमीटर पडते. म्हणजे फरक एका पिक्सेलपेक्षाही कमी. वर्णपटातल्या रेषेचा मध्य काढून पिक्सेलच्या आतलं मोजता येतं, हे मान्य. भरपूर प्रकाश असेल तर ते चोख निघतं. पण मध्य सरकला म्हणजे झोत फिरलाच, असं कुठे ठरतं? झोत एका बाजूला दाट वायूवर आदळला, दुसऱ्या बाजूला विरळ, तरी दोन कडांचे वेग वेगळेच दिसणार.

आणि आरडब्ल्यू ऑरिगे हा दुसरा तरुण तारा का विसरता? त्याच्या झोताच्या कडांमधला फरकही आधी फिरण्याची खूण मानला होता. 2006 मध्ये सिल्व्ही काब्री आणि सहकाऱ्यांनी चकतीच कुठल्या दिशेने फिरते ते मोजलं, तर ती झोताच्या मानलेल्या दिशेच्या नेमकी उलट निघाली. झोत चकतीतून निघत असेल तर तो उलटा कसा फिरेल?

कापूसवाला (धरणगाव)
तुमचं दोघांचं वाचलं आणि वैशाखातली वावटळ आठवली. पऱ्हाट्या उपटलेल्या वावरात ती उठते तेव्हा नुसता धुळीचा खांब दिसतो, फिरतो की नाही ते दुरून कळत नाही. राहिलेल्या रुईचा एखादा पुंजका वर चढताना पकडा. डावीकडून तो तुमच्याकडे येतो, उजवीकडे गेला की पाठ फिरवतो. एकच पुंजका चार वेळा तसा गेला की मग खात्री. एकदाच दिसला तर वाऱ्याचा झोकाही असू शकतो. भो, प्रश्न मला तेवढाच दिसतो: पुंजका किती वेळा दिसला?

सातपुड्याची लेक (शहादा)
दादांनी नेमकं बोट ठेवलं! मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करतेय, हा विषय माझ्या जिवाचा आहे. काका, तुमची शंका 2002 च्या निरीक्षणांना लागू पडते, पण मधली वर्षं तुम्ही सोडून दिलीत. चिन-फेई ली यांच्या गटाने 2017 मध्ये चिलीतल्या अल्मा या रेडिओ दुर्बिणीने एचएच 212 हा एका जन्मत्या ताऱ्याचा झोत पाहिला. पाच हजार मीटर उंचीवर 66 अँटेना. त्यांनी सिलिकॉन मोनॉक्साइड या रेणूची रेषा मोजली. झोत आपल्या नजरेला जवळजवळ आडवा आहे, त्यामुळे त्याच्या पुढे धावण्याचा वेग मापात फारसा मिसळत नाही आणि कडांमधला बारीक फरक सुटा दिसतो. ताऱ्याजवळच्या एकामागून एक गाठींमध्ये फिरण्याची दिशा एकच, आणि तीच चकतीचीही. हे तुमचे चार पुंजके.

त्या गिरकीवरून झोत कुठून सुटतो तेही काढलं: ताऱ्यापासून साधारण 0.05 खगोलीय एककावर (पृथ्वी ते सूर्य हे अंतर म्हणजे एक एकक), म्हणजे जेमतेम 75 लाख किलोमीटर. बुधाची कक्षासुद्धा सूर्यापासून याच्या कितीतरी पट लांब आहे.

सरांनी म्हटलेल्या चुंबकीय बाजूत आपल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीचाही हात आहे. 2014 मध्ये तिच्यावरून डीजी टॉरीच्या झोतात चुंबकीय क्षेत्रात धावणाऱ्या वेगवान इलेक्ट्रॉनांचा प्राथमिक पुरावा मिळाला.

तापीपल्याड
ताई, एचएच 212 बद्दल मी हरलो, आनंदाने. पण एक झोत फिरला म्हणून 'झोत फिरतात' होत नाही. दुसरं, इतक्या आतून निघालेला झोत चकतीच्या अगदी आतल्या भागाचीच गिरकी नेतो. लांबवरच्या चकतीचं ओझं कोण उतरवतं? त्यासाठी चकतीच्या पृष्ठभागावरून सुटणारे रुंद, मंद वारेही धरावे लागतात. 'झोतानेच सगळं केलं' हे पोरांच्या डोक्यात बसू नये.

सातपुड्याची लेक
हे बरोबर. माझ्याही लिहिण्यात वारे राहून गेले. पण सर, 'वादात आहे' एवढंच म्हणून थांबू नका. पोरांना वाटेल की कुणालाच काही माहीत नाही.

गिरणाकाठ
तक्ता बदलला. आता ओळ अशी: "तरुण ताऱ्यांचे काही झोत फिरताना मोजले गेले आहेत; एचएच 212 चा सर्वांत स्पष्ट." खाली आरडब्ल्यू ऑरिगेचं नाव आणि मोठं प्रश्नचिन्ह. एचएच 212 मृगाच्या पट्ट्याजवळ आहे, नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, पण जागा दाखवता येईल. कापूसवाले भाऊ, एक पिशवी रुई घेऊन येता का? शाळेचा टेबलफॅन आडवा ठेवून पोरांना पुंजके दाखवू.

कापूसवाला
येतो. दोन पिशव्या आणतो, पोरं उधळतील.