शब्दचर्चा : ‘मुमेइ’, ‘किवामे’ आणि ‘देन’ या जपानी तलवारविद्येतील शब्दांना मराठी प्रतिशब्द

प्रश्न

एका प्रदर्शनासाठी जपानी शस्त्रांच्या पाट्या मराठीत आणण्याचे काम हाती आहे. एका जुन्या पात्याच्या पाटीवर ‘काताना, मुमेइ, देन शिझु’ एवढेच लिहिलेले असून सोबतच्या टिपणात ‘किवामे’ हा शब्द वारंवार येतो. कोशांच्या आधाराने ‘निनावी तलवार, शिझु या कारागिराची म्हणून ओळख पटलेली’ असे भाषांतर होऊ शकते. परंतु तलवार निनावी असेल तर शिझुचे नाव आले कोठून, आणि नाव ठाऊक असेल तर ती निनावी कशी, असे कोणताही चौकस वाचक विचारील. या तीन शब्दांसाठी मराठीत काय योजावे?

उत्तर १

ही विसंगती जपानी शब्दांत नाही, ‘निनावी’ या आपल्या शब्दात आहे. ‘मु’ म्हणजे नसलेला आणि ‘मेइ’ म्हणजे कोरलेला लेख. जपानी लोहार आपले नाव पात्याच्या उघड्या भागावर कोरत नाही. मुठीच्या आत जाणाऱ्या भागावर, ज्याला ‘नाकागो’ म्हणतात, त्यावर छिन्नीने कोरतो. त्या जागी अक्षरे नाहीत, एवढेच ‘मुमेइ’ सांगतो. कर्ता अज्ञात आहे असे तो म्हणत नाही. ‘निनावी’ म्हटले की आपल्याला निनावी पत्र आठवते, ज्यात लिहिणाऱ्याने नाव मुद्दाम दडवलेले असते. ती छटा येथे सर्वस्वी गैरलागू आहे.

‘नाव न कोरलेली’ हेही सरसकट चालणार नाही, कारण अशा पुष्कळ तलवारींवर नाव एके काळी कोरलेले होते. कामाकुरा (११८५–१३३३) आणि नान्बोकुचो (१३३६–१३९२) काळातील लांब ‘ताचि’ कमरेला धार खाली करून टांगत असत. पुढे धार वर ठेवून शेल्यात खोचण्याची पद्धत रुळली, तेव्हा ही जुनी, मौल्यवान पाती टोकाला हात न लावता मुठीच्या बाजूने कापून आखूड केली गेली. या आखूड करण्याला ‘सुरिआगे’ म्हणतात, आणि मूळ नाकागो पुरता नाहीसा होण्याइतके पाते कापले असेल तर ‘ओ-सुरिआगे’. त्या तुकड्याबरोबर नावही गेले. काही मालकांनी नावाचा भाग दुमडून घेतला, काहींनी तो कापून नव्या नाकागोत चौकटीसारखा बसवला. अनुक्रमे ‘ओरिकाएशि-मेइ’ आणि ‘गाकु-मेइ’ असे शब्द त्यासाठी आहेत. याउलट यामातो प्रांतातील लोहार प्रामुख्याने देवळांसाठी आणि मठांसाठी काम करत, त्यांची कित्येक पाती पहिल्यापासूनच लेखाविना आहेत. सागामि प्रांतातील मासामुनेची नाव कोरलेली पातीही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. कधीच न कोरलेले आणि कापले गेलेले, अशा दोन्ही प्रकारच्या पात्यांना ‘मुमेइ’ हा एकच शब्द लागू होतो. म्हणून मी ‘नामलेख नसलेली’ असे लिहीन.

उत्तर २

‘नामलेख’ चांगला आहे, तरी ‘नाममुद्रा’ या शब्दाचाही विचार व्हावा. अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येते, तिला आपण नाममुद्राच म्हणतो, आणि कर्त्याने स्वतः आपल्या कृतीत ठेवलेली खूण हा अर्थ त्यात आपोआप येतो. ‘नामांकित’ मात्र टाळावा. शब्दशः तो अचूक असला तरी मराठीत त्याचा अर्थ प्रसिद्ध असा झाला आहे, आणि ‘अनामांकित तलवार’ म्हणजे कोणी न विचारलेली तलवार असे वाचले जाईल. प्रत्यक्षात नामलेख नसलेल्या काही तलवारी जपानच्या राष्ट्रीय ठेव्यांत मोडतात.

उत्तर ३

खरी अडचण ‘किवामे’ची आहे, आणि ‘ओळख पटणे’ हा त्याचा अनुवाद मला मुळातच चुकीचा वाटतो. ज्या क्रियापदापासून ‘किवामे’ आला त्याचा अर्थ शेवटापर्यंत नेणे, पक्के ठरवणे असा आहे. जाणकार पात्याकडे पाहून अखेर एक नाव ठरवतो. ओळखण्यासाठी ती व्यक्ती पूर्वी कधीतरी पाहिलेली असावी लागते. येथे तसे असतेच असे नाही.

एच्चू प्रांतातील गो योशिहिरो याचे उदाहरण घ्या. मासामुने आणि आवातागुचि योशिमित्सु यांच्याबरोबर त्याची गणना देशातल्या तीन श्रेष्ठ लोहारांत होत आली आहे, आणि तरीही त्याचे नाव कोरलेले एकही विश्वसनीय पाते ज्ञात नाही. ‘गो आणि भूत, दोन्ही कोणी पाहिलेली नाहीत’ अशी जपानीत म्हणच आहे. मग गोची म्हणून जी पाती मान्यता पावली आहेत ती कशाच्या आधारावर? होन्आमि हे तलवारींना झिलई देणाऱ्यांचे आणि त्या पारखणाऱ्यांचे घराणे होते; त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेले निर्णय हाच तो आधार. ‘इनाबा गो’ या राष्ट्रीय ठेव्याच्या नाकागोवर सोन्याच्या जडावात तेन्शो १३ (१५८५) हे वर्ष, ‘गो’ हे नाव, होन्आमिंनी ते पाते आखूड केल्याची नोंद आणि त्या वेळच्या मालकाचे नाव आहे. अक्षरे नामलेखाच्याच जागी आहेत, त्यांना म्हणतातही ‘किन्झोगान-मेइ’, म्हणजे सुवर्णजडित लेख. पण तो लोहाराचा लेख नाही, पारख करणाऱ्याचा आहे. अशा पात्याच्या पाटीवर नुसते ‘सोन्यात नाव कोरलेले’ असे आले, तर वाचक ते नाव लोहारानेच घातले असे समजेल.

निर्णयाची रीतही शब्द निवडताना उपयोगी पडते. प्रथम पात्याचा घाट पाहून काळ ठरवतात. मग पोलादाचा पोत (‘जिहादा’) आणि पोलादाला पाणी दिल्याने धारेलगत उमटलेली रेघ (‘हामोन’) यांवरून यामाशिरो, यामातो, बिझेन, सागामि, मिनो या पाच परंपरांपैकी कोणती ते पाहतात. त्यानंतर टोकाशी ती रेघ कशी वळते अशा बारकाव्यांवरून घराणे आणि शेवटी व्यक्ती. प्रत्येक पायरीला पर्याय कमी होत जातात, आणि ‘शेवटापर्यंत नेणे’ हा शब्दार्थ तेथे अगदी चपखल बसतो. ओ-सुरिआगे झालेल्या पात्यात मुठीजवळचा बाक कापला गेलेला असल्याने पहिली पायरीच डळमळीत असते, हेही विसरता कामा नये. जाणकारांच्या बैठकीत नाकागो झाकून पाते हातात देतात आणि प्रत्येकाने लोहाराचे नाव चिठ्ठीवर लिहायचे असते. बरोबर असेल तर ‘अतारि’, चुकले तर ‘इया’. आणि त्याच लोहाराचे नाव नसले तरी अगदी जवळच्या शिष्याचे किंवा गुरूचे लिहिले असेल तर ‘दोझेन’, म्हणजे बरोबर धरण्याजोगे. नाव हे नेमक्या माणसाचे जितके असते, तितकेच ते गुणवत्तेचे आणि शैलीचे एक स्थान असते, हे या मधल्या उत्तरावरून दिसते.

तेव्हा ‘किवामे’साठी ‘कर्तृनिर्णय’ किंवा सरळ ‘पारखनिर्णय’ घ्यावा. ‘कर्तृत्वनिश्चिती’ नको, कारण कर्तृत्व म्हणजे मराठीत पराक्रम. ‘आरोपित’ तर मुळीच नको. बिचारा लोहार पिंजऱ्यात उभा राहील.

प्रश्नकर्त्याची पुरवणी

‘कर्तृनिर्णय’ पटला. मग ‘देन’चे काय? ‘शिझुची असल्याची परंपरा’ असे लिहावे का?

उत्तर ३ (पुढे)

चित्रांच्या संदर्भात ‘देन’ म्हणजे परंपरेने अमुकाचे मानले गेलेले, आणि तेथे आपला अनुवाद चालेल. आजच्या तलवार-प्रमाणपत्रांत अर्थ किंचित निराळा आहे. १९४८ मध्ये स्थापन झालेली ‘निप्पोन बिजुत्सु तोकेन होझोन क्योकाइ’ ही संस्था तलवारी तपासून प्रमाणपत्रे देते. त्यांत नामलेख नसलेल्या पात्याला थेट ‘शिझु’ किंवा ‘देन शिझु’ असे म्हटलेले आढळते. सर्वसाधारणपणे ‘देन’ लागला की समजावे, की काम त्या लोहाराच्या वर्तुळातले आहे, पण एखादे लक्षण असे आहे की परीक्षकाला नाव निःशंकपणे घ्यावेसे वाटले नाही. घरात चालत आलेल्या आख्यायिकेशी याचा संबंध असेलच असे नाही, त्यामुळे ‘परंपरा’ हा शब्द वाचकाला चुकीच्या दिशेने नेईल.

शिझुच्या बाबतीत आणखी एक खबरदारी घ्यावी. शिझु हे मुळात मिनो प्रांतातील गावाचे नाव. यामातोहून तेथे आलेला कानेउजि हा लोहार त्या गावावरून ओळखला जातो. त्याचे शिष्य जवळच्या नाओए गावी काम करू लागले, त्यांच्या पात्यांना ‘नाओए शिझु’ म्हणतात, आणि तो वेगळा निर्णय आहे. पाटीवर नुसते ‘शिझु’ असेल तर त्याचा अर्थ स्वतः कानेउजि, म्हणून ‘शिझु घराणे’ असे लिहू नये. माझ्या मते पाटी अशी असावी : ‘काताना. नामलेख नाही. कर्तृनिर्णय : बहुधा शिझु (कानेउजि).’

उत्तर २ (पुढे)

‘बहुधा’ला माझी हरकत आहे. त्यातून टक्केवारीचा भास होतो, परीक्षकाने राखून ठेवलेले मत त्यातून कळत नाही. ‘शिझुच्या कामाशी बव्हंशी जुळणारी’ असे लिहिल्यास पाटी एका ओळीने वाढेल, पण ‘देन’ असलेली आणि नसलेली अशी दोन पाती शेजारी मांडली, तर फरक दिसेल.