पूर्वग्रह, अनुसारिता, कारणारोपण : सामाजिक मानसशास्त्रातले शब्द नेमके कुठे वापरायचे?

प्रश्न :

पदवीच्या पहिल्या वर्षाला सामाजिक मानसशास्त्र आहे. विषय मनापासून आवडतो, पण शब्दांपाशी घोडं अडतं. साचेबंद प्रतिमा, पूर्वग्रह आणि भेदभाव हे तिन्ही आपण बोलताना सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. पुस्तकात मात्र तिघांच्या व्याख्या वेगळ्या आहेत. अनुसारिता, अनुपालन आणि आज्ञापालन यांचंही तेच. व्याख्या पाठ आहेत, पण एखादा प्रसंग देऊन ‘हे कशाचं उदाहरण?’ असं विचारलं की काही सुचत नाही. शिवाय एका पुस्तकात ‘गुणारोपण’ आहे, दुसऱ्यात ‘कारणारोपण’. दोन्ही एकच का?

उत्तर :

व्याख्या पाठ करून हे शब्द वेगळे होत नाहीत, कारण साचेबंद प्रतिमा, पूर्वग्रह आणि भेदभाव या तिन्हींच्या व्याख्यांत ‘गट’ हा शब्द असतोच. त्यापेक्षा प्रत्येक शब्दाला विचारा : तू समजूत आहेस, भावना आहेस, की कृती?

‘अमुक गटातली माणसं अशीच असतात’ ही समजूत, म्हणजे साचेबंद प्रतिमा. त्या गटातलं कुणी समोर आलं की वाटणारी नावड, भीती किंवा आकस हा पूर्वग्रह. आणि त्या माणसाला घर भाड्यानं न देणं, नोकरीवर न घेणं, पंगतीतून उठवणं हा भेदभाव. साचेबंद प्रतिमा कौतुकाचीही असू शकते. ‘त्यांची मुलं गणितात हुशारच असतात’ हीसुद्धा साचेबंद प्रतिमाच आहे, आणि गणितात अडखळणाऱ्या त्यांच्यातल्या एखाद्या मुलाला ती चांगलीच जाचते. वॉल्टर लिपमन या पत्रकारानं 1922 मध्ये ही कल्पना मांडताना छापखान्यातला शब्द उचलला होता. एकदा ओतलेल्या ठोकळ्यावरून हव्या तेवढ्या सारख्या प्रती काढायच्या, हा त्याचा मूळ अर्थ. मराठीत तो ‘साचा’ जागेवर आहे. मात्र नुसतं ‘साचेबंद’ लिहू नका. रोजच्या भाषेत साचेबंद म्हणजे ठरावीक, कंटाळवाणं. ‘साचेबंद प्रतिमा’ असं पूर्ण लिहा.

‘पूर्वग्रह’ या शब्दाबाबत जास्त जपायला हवं. ‘त्या लेखकाबद्दल माझा पूर्वग्रह झालाय’ असं आपण म्हणतो तेव्हा एका व्यक्तीबद्दल आधीच बनलेलं मत एवढाच अर्थ असतो. या विषयात पूर्वग्रह म्हटलं की तो गटाबद्दल असतो, आणि व्यक्तीला तो भोवतो तो ती त्या गटातली आहे म्हणून. उदाहरणात गटच नसेल तर तो शब्द तिथे लावू नका.

हे तीन शब्द वेगळे ठेवण्याची गरज काय, हे अमेरिकी समाजशास्त्रज्ञ ला पिएर यांच्या 1934 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून चांगलं कळतं. त्यांनी एका चिनी जोडप्याबरोबर अमेरिकेत बराच प्रवास केला. त्या काळी तिथे चिनी लोकांबद्दल उघड आकस होता. तरी हॉटेलं, खानावळी धरून 251 ठिकाणांपैकी फक्त एका ठिकाणी त्यांना नकार मिळाला. काही महिन्यांनी ला पिएर यांनी त्याच ठिकाणी पत्र पाठवून विचारलं, ‘चिनी पाहुणे चालतील का?’ 128 उत्तरं आली आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांनी ‘नाही’ कळवलं. म्हणजे कागदावर आकस होता, पण दारात आलेल्या माणसाला परत पाठवलं गेलं नव्हतं. पत्राला उत्तर देणारा आणि गल्ल्यावर बसणारा एकच होता का, सोबत ला पिएर हा गोरा प्राध्यापक होता त्याचा परिणाम किती, हे आक्षेप रास्तच आहेत. तरी ‘पूर्वग्रह’ आणि ‘भेदभाव’ यांना एकच शब्द असता तर ला पिएर यांना काय सापडलं ते सांगताच आलं नसतं.

याच्या उलटही घडतं. मालकाचा नियम म्हणून एखादा नोकर कुणाला दारातून परत पाठवतो. त्याच्या मनात आकस नसतो, पण भेदभाव झालेला असतो.

शंका :

मग अभिवृत्ती (ॲटिट्यूड) कुठे बसते? काही पुस्तकांत त्यासाठी ‘दृष्टिकोन’ आहे, आणि ‘वृत्ती’सुद्धा वाचलंय.

उत्तर :

‘वृत्ती’ नको. आनंदी वृत्ती, संशयी वृत्ती हे माणसाच्या ठेवणीबद्दलचे शब्द आहेत. अभिवृत्ती नेहमी कशाविषयी तरी असते : मृत्युदंडाविषयी, लसीकरणाविषयी, एखाद्या गटाविषयी. वाक्यात ‘विषयी’ बसत नसेल तर अभिवृत्ती हा शब्द चुकला असं खुशाल समजा. ‘दृष्टिकोन’ चालतो, पण त्यात विचार तेवढा ऐकू येतो. अभिवृत्तीत आवड-नावड आणि कृतीकडे असलेला कलही येतो. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1935 मध्ये तिला प्रतिसादाची ‘सज्जता’ म्हटलं होतं. ती सज्जता ‘दृष्टिकोन’ या शब्दात येत नाही. पूर्वग्रह ही अभिवृत्तीच, गटाविषयीची.

आणखी एका वाचकाचं मत :

अनुसारितेला, म्हणजे गटामागे जाण्याला, आपल्याकडे ‘री ओढणे’ हा अस्सल शब्द असताना संस्कृत डोलारा कशाला? विद्यार्थ्याला क्षणात कळेल.

उत्तर :

वर्गात समजावताना जरूर वापरा. पारिभाषिक शब्द म्हणून मात्र मला तो पटत नाही, आणि त्याचं कारण सॉलोमन अ‍ॅश यांच्या प्रयोगातच आहे. 1950 च्या दशकातले हे प्रयोग. एका खोलीत काही जण बसलेत. समोर एक रेघ, शेजारी तीन रेघा. तिघींतली कोणती पहिलीएवढी आहे ते एकेकानं मोठ्यानं सांगायचं. लहान मूलही चुकणार नाही असा प्रश्न. पण एक जण सोडून बाकी सगळे प्रयोगकर्त्याचे साथीदार, आणि ठरावीक फेऱ्यांत ते सगळे एकमुखानं चुकीचं उत्तर देतात. खऱ्या सहभागी माणसाची पाळी जवळजवळ शेवटी येते. तो डोळे बारीक करतो, खुर्चीत चुळबुळतो, आणि बऱ्याचदा तेच चुकीचं उत्तर देतो. अशा फेऱ्यांतली साधारण एक तृतीयांश उत्तरं गटाच्या बाजूनं गेली, आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक निदान एकदा तरी गटामागे गेले.

‘री ओढणे’ म्हटलं की ओढणारा लाळघोट्या ठरतो. त्याला कुणाची तरी मर्जी राखायची आहे असं आपण धरून चालतो. अ‍ॅश यांच्या खोलीतल्या माणसाला कुणाची मर्जी राखायची नव्हती. तो अनोळखी लोकांत बसून स्वतःच्या डोळ्यांवरच शंका घेत होता, किंवा वेगळं पडायला धजत नव्हता. या दोन कारणांचा फरक डॉइच आणि जेरार्ड यांनी 1955 मध्ये मांडला. इतरांना जास्त कळत असेल असं वाटून मागे जाणं हा माहितीजन्य प्रभाव. लोक काय म्हणतील म्हणून मागे जाणं, त्याला पुस्तकं ‘मानकीय प्रभाव’ वगैरे म्हणतात. मला विचाराल तर ‘लोकलाज’ हा शब्द तिथे किती नेमका बसतो! अ‍ॅश यांनी उत्तर मोठ्यानं न सांगता कागदावर लिहायला दिलं तेव्हा गटामागे जाणं बरंच कमी झालं. डोळ्यांवरची शंका कागदावरही तशीच राहिली असती, लोकलाज मात्र तिथे राहत नाही.

‘अनुरूपता’ हा शब्दही काही पुस्तकांत दिसतो, पण ‘अनुरूप स्थळ’ कानांत इतकं मुरलंय की वाचणारा भलतीकडे जातो. म्हणून अनुसारिता बरा.

आता मूळ प्रश्नातली तिकडी. इथे दोन गोष्टी तपासायच्या : कुणी काही करायला सांगितलं का, आणि सांगणाऱ्याला अधिकार होता का.

अ‍ॅश यांच्या खोलीत ‘तुम्हीही हेच म्हणा’ असं कुणीच सांगितलं नव्हतं. न सांगता गटामागे जाणं, ही अनुसारिता.

सांगितलं, म्हणजे विनंती केली, पण सांगणाऱ्याच्या हाती अधिकार नाही, आणि तरी माणूस मानतो : हे अनुपालन. फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी 1966 मध्ये याचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. गृहिणींना फोन करून आधी घरात वापरायच्या वस्तूंबद्दल काही साधे प्रश्न विचारले. काही दिवसांनी मोठी मागणी : पाच-सहा माणसं घरी येऊन दोन तास कपाटं, फडताळं उघडून वस्तूंची यादी करतील, चालेल का? आधी छोटी विनंती मान्य केलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणी हो म्हणाल्या. थेट मोठीच मागणी केली तेव्हा हे प्रमाण साधारण 22 टक्के होतं. या तंत्राला ‘दारात पाऊल’ असं शब्दशः भाषांतर कशाला हवं? ‘चंचुप्रवेश’ आयता आहे, आणि त्यात आधी चोच, मग सगळा पक्षी हा क्रमही येतो.

आज्ञापालनात अधिकार असतो. स्टॅनली मिलग्रम यांचा येल विद्यापीठातला प्रयोग, 1963 साली प्रसिद्ध झालेला. 40 पुरुष, पलीकडच्या खोलीतल्या माणसाचं उत्तर चुकलं की त्याला वाढत्या दाबाचा विजेचा झटका द्यायचा. झटके खोटे होते, पण देणाऱ्याला ते माहीत नव्हतं. 26 जण शेवटच्या 450 व्होल्टच्या बटणापर्यंत गेले. समोरच्या कोट घातलेल्या प्रयोगकर्त्याकडे ना बंदूक होती ना पगार कापण्याची ताकद. ‘प्रयोग पुढे चालू राहिला पाहिजे’ एवढंच तो सांगत होता. म्हणून ‘आज्ञाधारकपणा’पेक्षा ‘आज्ञापालन’ घ्या. आज्ञाधारक हा आपल्याकडे मुलाचा गुण आहे. इथे बोलायचं आहे ते प्रसंगाबद्दल.

शंका :

मॅडम, कारणारोपण राहिलं. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ हे त्याचं उदाहरण म्हणून दिलं तर चालेल?

उत्तर :

कारणारोपण म्हणजे कुणाच्या वागण्यामागचं कारण ठरवणं. त्याचं उदाहरण म्हणून चालेल, पण त्यातल्या कोणत्या दोषाचं, ते ओळखता आलं पाहिजे. स्वतःच्या अपयशाचं खापर परिस्थितीवर फोडणं हा स्वहितकारी कल. पुस्तकात ‘मूलभूत आरोपण दोष’ असतो तो वेगळा, तो दुसऱ्याच्या वागण्याबद्दल असतो. कुणी उशिरा आला की ‘आळशीच आहे’ म्हणायचं, वाहन बंद पडलं असेल हे मनातही आणायचं नाही. ली रॉस यांनी 1977 मध्ये त्याला हे नाव दिलं, पण त्याआधीच 1967 मध्ये जोन्स आणि हॅरिस यांना तो दिसला होता. त्यांनी लोकांना क्यूबाचे नेते फिडेल कॅस्ट्रो यांच्या बाजूचे आणि विरोधातले निबंध वाचायला दिले. लिहिणाऱ्याला बाजू निवडायची मुभाच नव्हती, असं स्पष्ट सांगूनही वाचणारे बाजूनं लिहिणाऱ्याला कॅस्ट्रोधार्जिणा समजत राहिले.

‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं’ आणखी तिसरीकडे जातं : आपल्या गटाला एक माप, परक्या गटाला दुसरं. या तिन्हींची गल्लत करू नका.

गुणारोपण की कारणारोपण? संकल्पना एकच. माझं मत कारणारोपणाला, कारण इथे माणूस वागण्यामागचं कारण शोधतो. ते कारण स्वभावातलं असेल किंवा परिस्थितीतलं. ‘गुण’ म्हटलं की परिस्थिती आधीच बाहेर पडते, म्हणजे ज्या दोषाबद्दल शिकायचं तो शब्दातच शिरतो. परीक्षेत मात्र तुमच्या अभ्यासक्रमातला शब्द वापरा आणि संपूर्ण उत्तरात तोच ठेवा.

पुरवणी :

‘बघ्यांचा परिणाम’, म्हणजे आजूबाजूला इतर लोक असले की मदतीला उठण्याची शक्यता कमी होणं, हाही असाच जपून वापरायचा शब्द. वर्तमानपत्री मराठीत ‘बघ्याची भूमिका’ म्हणजे दोषारोप, बेपर्वाई. डार्ली आणि लाताने यांच्या 1968 च्या प्रयोगात तसं दिसत नाही. ध्वनिसंचावर बोलता बोलता पलीकडच्याला फेफऱ्याचा झटका आल्याचा आवाज येतो. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं वाटलं तेव्हा झटका सुरू असतानाच 85 टक्के लोक मदतीला उठले. आणखी चार जण ऐकताहेत असं वाटलं तेव्हा 31 टक्के. न उठलेल्यांपैकी बऱ्याच जणांचे हात थरथरत होते, तळहातांना घाम होता. ते बेपर्वा नव्हते. इतरही आहेत म्हणून मदतीची जबाबदारी आपल्या एकट्याची वाटत नाही. त्याला ‘जबाबदारीची विभागणी’ म्हणणंसुद्धा मला खटकतं, विभागणी कुणीतरी बसून करतं. ‘जबाबदारी विखुरणं’ म्हणा. आणि बघ्यांच्या उदाहरणात नेहमी येणाऱ्या, 1964 च्या न्यूयॉर्कमधल्या किटी जेनोव्हीज या तरुणीच्या खुनाबद्दल लिहिताना ‘38 जण नुसते बघत राहिले’ असं लिहू नका. तो आकडा आणि ते वर्णन फुगवलेलं होतं हे नंतर पुढे आलं आहे.

शंका :

मी चार उदाहरणं करून पाहिली, तपासाल का?
वर्गात सगळ्यांनी हात वर केला म्हणून प्रश्न न कळताही मी केला : अनुसारिता.
मैत्रिणीनं आग्रह केला म्हणून वर्गणी दिली : अनुपालन.
त्या वसतिगृहातल्या मुली भांडखोरच असतात असं वाटतं : पूर्वग्रह.
गटप्रकल्पात काही जण कमी काम करतात : सामाजिक अंगचोरपणा.

उत्तर :

पहिली दोन बरोबर. तिसऱ्यात तुम्ही समजूत लिहिली आहे, म्हणून ती साचेबंद प्रतिमा. त्या मुलींशेजारी बसणं नकोसं वाटतं असं लिहिलं असतं तर पूर्वग्रह झाला असता. चौथं अपुरं आहे. तोच माणूस एकटा असताना जास्त काम करतो हे दिसल्याशिवाय तो अंगचोरपणा म्हणता येत नाही, तो नेहमीच तेवढं करत असेल. लाताने आणि सहकाऱ्यांनी 1979 मध्ये माणसांना एकट्यानं आणि गटात ओरडायला, टाळ्या वाजवायला लावून आवाज मोजला तो याचसाठी. वाक्यात ती तुलना घाला.