महिंद्रा युनायटेड बंद पडली नसती तर? २०१०-११ ची आय-लीग पुन्हा खेळायची आहे

गंगापूररोड_१०
नमस्कार मंडळी. मुंबईच्या महिंद्रा युनायटेड या फुटबॉल क्लबने २००९-१० च्या मोसमानंतर गाशा गुंडाळला. तो गुंडाळला नसता असं धरून २०१०-११ ची आय-लीग, म्हणजे तेव्हाची देशातली अव्वल फुटबॉल लीग, कागदावर पुन्हा खेळायची आहे. इंडियन अ‍ॅरोज (फुटबॉल महासंघाचा तरुण खेळाडूंचा संघ) बाहेर, त्यांच्या जागी महिंद्रा, बाकी तेरा क्लब तेच. नाशिकमध्ये आम्ही तिघं आहोत, दर रविवारी दोन फेऱ्या उरकायचा बेत आहे.
गुगल शीटमध्ये असं मांडलंय: २०१०-११ ला कोणी किती गोल केले, किती खाल्ले त्यावरून ताकद, महिंद्राला आदल्या मोसमाचे आकडे, स्कोअर शीटच्या रँड (कोणताही आकडा काढणाऱ्या) फंक्शनने. पण गुणतक्ता दर वेळी वेगळाच दिसतो. आणि ट्रायलमध्ये महिंद्रा आणि चर्चिल ब्रदर्स सारखे वरच! प्रत्यक्षात साळगावकर जिंकले होते. कुठे चुकतंय? शिवाय स्कोअर हाताने काढायला दहा बाजूंचे फासे मेन रोडला विचारून झाले, मिळाले नाहीत.

सिडको_साइडबॅक
तक्त्याचं सोपं आहे. शीटमध्ये कुठेही काही टाइप केलं की रँड नव्याने आकडा काढतं. म्हणजे तिसऱ्या फेरीचा स्कोअर भरताना पहिल्या फेरीचे निकालही बदलतात. फेरी झाली की ते सात सामने निवडा, कॉपी करा आणि त्याच जागी कंट्रोल-शिफ्ट-व्ही करा, म्हणजे फक्त आकडे उरतील. तक्ता त्या गोठवलेल्या आकड्यांवरूनच काढा.
नुसत्या रँडला गुणून गोल काढत असाल तर तेही बदला. तसं केलं की ०-० आणि ५-० सारखेच पडतात. पॉयसन वापरा, म्हणजे सरासरी दिली की शून्य, एक, दोन गोलांची शक्यता किती ते सांगणारं सूत्र. सरासरी यजमानाला १.५, पाहुण्याला १.१ धरा, ही सुरुवातीची नेमणूक आहे, आपल्या मोसमाच्या आकड्यांवरून ती जुळवून घ्या. हल्ला म्हणजे क्लबचे सामन्यामागचे गोल भागिले लीगची सरासरी, बचाव तसाच खाल्लेल्या गोलांवरून. मग यजमानाचे अपेक्षित गोल म्हणजे १.५ × त्याचा हल्ला × समोरच्याचा बचाव. हल्ला १.२० आणि समोरचा बचाव ०.९० असेल तर १.६२, म्हणजे १.६ सरासरीचा पॉयसन तक्ता. बचावाचा आकडा जितका कमी तितका बचाव चांगला, इथे बरेच जण उलटं भरतात. चौदाही क्लबांच्या हल्ल्याची सरासरी १.०० यायला हवी, बचावाचीही. हाताने एखाद्याचा आकडा वाढवलात की सगळे पुन्हा त्या सरासरीने भागा, नाहीतर लीगभर गोलांचा पूर येतो.

द्वारका_डिफेंडर
फासे कशाला शोधताय? पत्त्यांचा कॅट घ्या, चित्रं बाजूला काढा. एक्का ते दश्शी, चाळीस पानं. दोन पानांतून १ ते १०० मधला आकडा काढायचा: पहिलं पान दशक, दुसरं एकक, दश्शी म्हणजे शून्य. तिर्री मग सत्ती आली तर ३७. दश्शी-दश्शी म्हणजे १००. मात्र पहिलं पान परत घालून पिसल्याशिवाय दुसरं काढू नका, नाहीतर २२, ५५ असे जोडआकडे कमी पडतात.
अपेक्षित गोल १.५ असतील तेव्हाचा तक्ता: १ ते २२ शून्य गोल, ५६ पर्यंत एक, ८१ पर्यंत दोन, ९३ पर्यंत तीन, ९८ पर्यंत चार, वर पाच. १.१ चा: ३३ पर्यंत शून्य, ७० पर्यंत एक, ९० पर्यंत दोन, ९७ पर्यंत तीन, ९९ पर्यंत चार, १०० ला पाच. बाकीचे ०.५ ते २.६ पर्यंत दशांशाच्या अंतराने शीटच्या पॉयसन फंक्शनने काढून पुठ्ठ्यावर चिकटवा.
आता खरा मुद्दा. मोहम्मद रफी आणि स्टीव्हन डायस हे महिंद्राचे खेळाडू ती बंद पडल्यावर चर्चिलकडे गेले. तुम्ही महिंद्राला २००९-१० चे आकडे दिलेत, त्यात हे दोघं आहेत. चर्चिलला २०१०-११ चे दिलेत, त्यातही हे दोघं आहेत. एकच रफी दोन संघांकडून खेळतोय, मग दोघं वर येणारच. बंद पडलेला क्लब परत आणायचा म्हणजे चौदावा संघ नुसता जोडायचा नसतो, त्याची माणसं बाकीच्यांकडून काढूनही घ्यायची असतात. अ‍ॅरोज काढलेत तर त्यांची पोरंही कुठेतरी जायला हवीत. जेजे लालपेखलुआ पुणे एफसीचा उसना दिलेला होता, तो पुण्याला परत.
माझं मत: सगळ्यांचेच आकडे २००९-१० चे घ्या. आपल्या गोष्टीचा फाटा जिथे फुटतो, म्हणजे महिंद्रा टिकते, त्याच्या पुढची माहिती वापरायचीच नाही. साळगावकर जिंकतात का हे मग खेळ ठरवेल.

गंगापूररोड_१०
हे डोक्यातच आलं नव्हतं. पण एचएएल आणि ओएनजीसी या कंपन्यांचे संघ तर २०१० मध्येच दुसऱ्या श्रेणीतून वर आले, त्यांचे आकडे कुठून आणू? एचएएल म्हटल्यावर इथला एक मित्र "आपली ओझरची टीम" म्हणून तिच्यावर पैज लावून बसलाय.

ओझरकर
मित्राला सांगा, ती टीम बंगळुरूची. ओझरला एचएएलची विमानं बनतात.
नव्याने वर आलेल्यांना हल्ला ०.८०, बचाव १.२० द्या. बाकीच्यांनाही कच्चे आकडे लावू नका, २६ सामने म्हणजे फार नाहीत. प्रत्येकाच्या खात्यात आठ सरासरी सामने मिळवा. समजा एखाद्याने ४५ गोल केले आणि लीगची सरासरी सामन्यामागे १.३ आहे. तर ४५ अधिक १०.४, भागिले ३४, म्हणजे १.६३, त्याला १.३ ने भागून हल्ला १.२५. कच्चा काढला असता तर १.३३ आला असता. एवढ्या फरकानेही वरचे दोन संघ पळत सुटतात.
यजमानाचा फायदा सरसकट देऊ नका. डेम्पो, चर्चिल, साळगावकर हे तिघं गोव्याचे, आपसात तिथल्या फातोर्डा मैदानावर खेळले तर घर कोणाचं? मोहन बागान-ईस्ट बंगालचं कोलकात्यात सॉल्ट लेकलाही तेच. अशा सामन्यांत दोघांनाही १.३ धरा.

सिडको_साइडबॅक
अ‍ॅरोजही ठेवायचे असतील तर पंधरा संघ होतात, दर फेरीत एक बसतो: ३० फेऱ्या, २१० सामने. चौदात २६ फेऱ्या, १८२ सामने. मी चौदाच ठेवीन.
वेळापत्रक लावताना एक क्लब जागेवर ठेवून बाकी तेरा गोल फिरवा, तेरा फेऱ्या मिळतात. पुढच्या तेरात मैदानं उलटी. जागेवरचा क्लब सारखा घरीच खेळत राहतो, त्याचं मैदान फेरीआड बदला.
शेवटी एक तपासणी. १८२ सामन्यांत सुमारे ४७३ गोल व्हायला हवेत. ४३० च्या खाली किंवा ५१७ च्या वर गेलात तर बहुधा तक्ता चुकलाय. त्याच्या आत असाल आणि तरी ओएनजीसी तिसरी आली, तर ती आली. पुन्हा पिसायचं नाही.

गंगापूररोड_१०
ठीक. रफी-डायस परत महिंद्राला, जेजे पुण्याला, आकडे सगळे २००९-१० चे. बरोबरीत गुण झाले तर आपसातले दोन सामने आधी बघायचे, हे आजच लिहून ठेवतो. पैजवाल्याने मात्र ओझरचं ऐकूनही एचएएल सोडलेली नाही.