सातवीची ताई आणि पहिलीचं पोर: सोबत की ओझं?

डोंगरशाळा

गेल्या शनिवारी पालकसभेत एका आईने सगळ्यांसमोर मला विचारलं, "बाई, माझी पोरगी तुमच्याकडं शिकायला येती का पोरं सांभाळायला?" मी उत्तर दिलं खरं, पण ते माझं मलाच पुरेसं वाटलं नाही. म्हणून इथे मांडते.

माझी शाळा अकोले तालुक्यातली, जिल्हा परिषदेची, पहिली ते सातवी. यंदा जूनपासून पहिलीच्या प्रत्येक मुलाला सहावी-सातवीतली एक ताई किंवा दादा जोडून दिलाय. या उपक्रमाला आम्ही 'पाठराखण' म्हणतो. नवी नवरी सासरी जाते तेव्हा पहिल्या दिवसांत सोबतीला पाठराखीण जाते ना, तेच डोक्यात होतं. घर नवं, माणसं नवी, पाणी कुठे प्यायचं तेही ठाऊक नाही.

पहिले पंधरा दिवस फक्त सोबत. फाटकापासून वर्गापर्यंत, नळापर्यंत, खिचडीच्या रांगेत. त्यानंतर बुधवारी आणि शनिवारी अर्धा-अर्धा तास: जोडीने चित्रांचं पुस्तक वाचणं, चिंचोके मोजणं, धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवणं, शाळेभोवती फेरी मारून पानं गोळा करणं, पाऊस असला तर ओसरीत तळ्यात-मळ्यात.

यातून काय साधलं त्याचं एकच उदाहरण देते. पहिलीतला एक मुलगा रोज दुपारनंतर रडून घरी जायचा. मला वाटायचं, आईची आठवण येत असेल. त्याच्या दादाने आठवडाभरात शोधून काढलं की संडासच्या दाराची कडी जड आहे, ती त्याला आतून लागत नाही, म्हणून तो दिवसभर जातच नाही. पंधरा वर्षं मी या खात्यात आहे, मला हे सुचलं नव्हतं. कडीला तेल घातलं, रडणं थांबलं.

तरीही त्या आईचा प्रश्न मनातून जात नाही. तुम्हाला काय वाटतं?

तीन_इयत्ता_एक_फळा

बाई, मन लहान करू नका. मी स्वतः तीन इयत्ता एकत्र घेतो आणि मोठी मुलं नसती तर माझी पहिली बसलीच नसती. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये परिच्छेद 2.7 मध्ये हेच आहे: मुलांनी मुलांना शिकवणं हा ऐच्छिक आणि आनंदाचा उपक्रम म्हणून घ्यावा, शिकणाऱ्याबरोबर शिकवणाऱ्यालाही त्याचा फायदा होतो. निपुण भारत या केंद्राच्या योजनेचं उद्दिष्ट 2026-27 पर्यंत तिसरीच्या प्रत्येक मुलाला वाचता आणि गणिताचा पाया पक्का करता आला पाहिजे असं आहे. दोन हातांनी ते होणार नाही, चार हात लागतील.

नाशिकचा_पालक

साफ असहमत, आणि कारण माझ्या स्वतःच्या अंगावर आहे.

1994 साली मी चौथीत होतो. द्विशिक्षकी शाळा. एक गुरुजी तालुक्याला बैठकीला गेले की दुसरे दोन वर्ग घेत आणि पहिली माझ्याकडे येई. हातात छडी देत. एकदा एका पोराला बे एके बे म्हणता येईना म्हणून मी ती मारली, पोटरीवर. वळ उठला. तो मुलगा आजही गावी गेलो की भेटतो, हसून बोलतो. मला मात्र त्याच्या नजरेला नजर देता येत नाही. मी नऊ वर्षांचा होतो. ती छडी माझ्या हातात द्यायलाच नको होती.

वरच्या सरांनी 'दोन हात, चार हात' म्हटलंय, नेमकं तिथेच दुखणं आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीला 60 मुलांपर्यंत 2 शिक्षक, 90 पर्यंत 3 असं प्रमाण ठरवून दिलंय. ते चार हात सरकारने द्यायचे आहेत, सातवीतल्या पोरीने नाहीत. आपण मुलं वापरून वेळ निभावत राहिलो तर रिकाम्या जागा कुणाला दिसणारच नाहीत.

इतिहास_आठवी_ब

दोन्ही बाजूंना उपयोगी पडेल असा थोडा मागचा संदर्भ. ही कल्पना आपल्याकडचीच. पंतोजींच्या शाळेत पुढची मुलं मागच्यांकडून घोकून घेत. मद्रासला अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश पाद्र्याने 1789 मध्ये एग्मोरच्या अनाथ मुलांच्या शाळेची व्यवस्था हाती घेतली. तिकडच्या देशी शाळांत मुलं वाळूवर बोटाने अक्षरं काढताना त्याने पाहिली आणि स्वतःच्या शाळेत तेच करून बघायचं ठरवलं. मोठे शिक्षक तयार होईनात, तेव्हा आठ वर्षांच्या एका मुलाला त्याने लहानांच्या वर्गावर बसवलं आणि ते जमलं. 1797 मध्ये त्याने त्यावर लिहिलं आणि पद्धत 'मद्रास पद्धत' म्हणून इंग्लंडभर पसरली. बाईंची धूळपाटी जगभर फिरून आलेली आहे!

नाशिकचा_पालक

मॅडम, माहिती उत्तम आहे, पण पुढचं पानही उलटू या. लंडनमध्ये 1798 पासून जोसेफ लँकेस्टर हीच पद्धत चालवत होता. एका शिक्षकाखाली शेकडो मुलं आणि मधे मॉनिटर. ती इतकी पसरली कारण ती स्वस्त होती. आणि चुकणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाचा ओंडका अडकवणं, पिंजऱ्यात घालून छताला टांगणं असल्या शिक्षा त्याच शाळांत होत्या. मुलाला मुलावर अधिकार दिला की असं होतं. माझी छडी त्याच घराण्यातली.

इतिहास_आठवी_ब

मान्य. पण मग दोष सोबतीचा की अधिकाराचा? बाईंच्या शाळेत छडी नाही, हजेरी नाही, पाढे म्हणून घेणं नाही. तिथे कडीला तेल घातलं गेलंय. या दोन गोष्टी एका तराजूत कशा घालणार?

मेळघाट_मुक्काम

माझ्याकडे हा प्रश्न चैनीचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. धारणी भागात आहे. पहिलीत येणारी बहुतेक मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं नातं नाही. मी पहिल्या वर्षी फळ्यावर नळ काढून 'पाणी, पाणी' म्हणत होतो आणि समोर बावीस मुलं गप्प. पाण्याला ती 'डा' म्हणतात हे मला दिवाळीनंतर कळलं. तोवर मी त्यांना 'अबोल' समजत होतो आणि तसं नोंदवहीत लिहूनही ठेवलं होतं.

आता पाचवीतली एक मुलगी पहिलीत माझ्या शेजारी बसते, रोज वीस मिनिटं. मी मराठीत सांगतो, ती कोरकूत सांगते, मग मुलं दोन्हीत म्हणतात. चित्रातल्या बैलाला, कुऱ्हाडीला, मोहाला ती आधी घरचा शब्द विचारते आणि मग माझा शब्द जोडते. मीही तिच्याकडूनच शिकतोय. शासनाने उद्या चार शिक्षक दिले तरी कोरकू येणारे चार मिळतील का? नाशिककर, तुमचं दुःख खरं आहे. पण ही मुलगी उठून गेली तर ते बावीस जण पुन्हा 'अबोल' होतील.

नाशिकचा_पालक

सर, तुमच्या बाबतीत मी मागे येतो. फक्त त्या मुलीची रोजची वीस मिनिटं कुठल्या विषयातून जातात ते बघा. आणि कोरकू येणारा शिक्षक ही मागणी सोडू नका.

मेळघाट_मुक्काम

परिपाठानंतरची. तेव्हा तिचं गणित असतं. खरं आहे, हे बदलायला हवं.

थोरली

मी शिक्षिका नाही. पाच भावंडांत थोरली. धागा सकाळपासून दोनदा वाचला, आणि सगळे शिक्षणाबद्दल बोलताहेत पण त्या आईने विचारलं होतं 'सांभाळायला' हे कुणी ऐकलेलं दिसत नाही.

मी तिसरीत असताना धाकट्याला कडेवर घेऊन शाळेत जायचे. तो शेजारी मातीत खेळायचा, झोपायचा, माझ्या पाटीवर मुतायचा. बाई चांगल्या होत्या, म्हणून बसू द्यायच्या. घरी गेलं की भांडी, पाणी, पुन्हा तोच. शाळा ही एकच जागा होती जिथे कधीतरी तो झोपला की मी नुसती मुलगी असायचे. त्या आईने हेच भोगलेलं असणार. तिला वाटत असेल, निदान शाळेत तरी माझ्या पोरीच्या कडेवर कुणी नको.

बाई, तुम्हाला एकच विचारते. तुमच्या जोड्यांत ताया किती आणि दादे किती? आणि नाक कोण पुसतं?

डोंगरशाळा

थोरली ताई, आज शाळेत वही काढून मोजलं. 19 जोड्या आहेत. त्यात 14 ताया आणि 5 दादे. जूनमध्ये मी "कोण कोण घेणार?" असं विचारलं होतं, मुलींनी हात वर केले, मी नावं लिहिली. हात वर करायची सवय त्यांना कुठून लागली याचा विचार केला नाही.

नाक पुसण्याचंही बघितलं. दादे पानं गोळा करायला नेतात, तळ्यात-मळ्यात घेतात. चपला शोधणं, नाडी बांधणं, सांडलेली खिचडी पुसणं हे ताया करतात. कुणी सांगितलेलं नाही. मी रोज बघत होते आणि मला ते दिसत नव्हतं. हे लिहिताना वाईट वाटतंय, पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.

समुपदेशक_पुणे

मुलांच्या सुरक्षिततेवर काम करते, त्या बाजूने थोडंसं. सहा वर्षांचं आणि बारा-तेरा वर्षांचं मूल, दोघांत दुप्पट वयाचं अंतर आहे. जोड्या कायम मोठ्यांच्या नजरेसमोर, ओसरीत किंवा मैदानात. संडासपर्यंत सोबत म्हणजे दारापर्यंत, आत नाही. कपडे बदलायला मदत लागली तर मोठ्या बाईंनी करावी. जोडी नकोशी झाली तर दोघांपैकी कुणालाही कारण न सांगता बदलून घेता आली पाहिजे. धोरणातल्या त्याच परिच्छेदात प्रशिक्षित शिक्षकांची देखरेख आणि सुरक्षिततेची काळजी हे शब्द आहेत, वर उल्लेख करताना ते गळले. आणि दादाने किंवा ताईने हात उगारला तर ती 'मुलांची भांडणं' समजू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हीला मनाई आहे, ते वातावरण राखणं मोठ्यांचं काम.

तीन_इयत्ता_एक_फळा

ते शब्द माझ्याकडून राहिले, चूक कबूल. पण थोरली ताईंना एक सांगतो. काढून टाकणं हा उपाय मला पटत नाही. पोरांना नाक पुसायला शिकवा ना! सातवीतल्या मुलाने पहिलीतल्या मुलाची नाडी बांधली तर तो उद्या बाप झाल्यावर बांधेल. हे शिकवायला याहून चांगली जागा कुठली?

थोरली

हे मात्र पटलं.

नाशिकचा_पालक

माझं अजूनही एक म्हणणं उरतं. सोबत ठेवा, खेळ ठेवा, पुस्तक वाचून दाखवणं ठेवा. अक्षर आणि अंक मुलांच्या हाती देऊ नका. धूळपाटीवर गिरवून घ्यायला सुरुवात झाली की 'चुकलास' हा शब्द येतो आणि त्याच्या मागोमाग बाकी सगळं.

डोंगरशाळा

नाशिकचे दादा, धूळपाटी मी काढून घेणार नव्हते, पण तुमची पोटरीवरच्या वळाची गोष्ट वाचल्यावर बुधवारी जवळ जाऊन बसले. एक ताई चिमुरडीचं बोट धरून 'क' गिरवत होती आणि प्रत्येक वेळी हात झटकून म्हणत होती, "असा नाय, असा नाय." मारलं नव्हतं. तरी पोरगी बोट आखडून घ्यायला लागली होती. धूळपाटी आता माझ्याकडे. यावर तुमचं बरोबर आहे असं मी धरते.

बाकीचं असं ठरवलंय. नव्या जोड्या चिठ्ठ्या टाकून, सहावी-सातवीतले सगळे मुलगे-मुली, पण नको म्हणणाऱ्याला मोकळीक. पहिले पंधरा दिवस संपले की नाडी-चपला आम्ही मोठ्यांनी बघायच्या, आणि जूनमध्ये त्या दादांनाही करायच्या. वाचन खिचडीनंतर, कुणाचा तास जाणार नाही असं.

आणि त्या आईकडे काल संध्याकाळी घरी गेले होते. तिने चहा केला. बोलता बोलता तिच्या मुलीने दप्तरातून पुस्तक काढलं, बारा-चौदा पानांचं, एका पानावर दोन ओळी, जे ती शनिवारी तिच्या छोटीला वाचून दाखवणार होती. ही मुलगी सातवीत आहे आणि जोडाक्षराला अडखळते. वर्गात ती तोंड उघडत नाही, आणि दुसरीचं पुस्तक सातवीच्या मुलीच्या हातात द्यायचं तर तिचा अपमान होतो म्हणून मीही दिलं नव्हतं. आता छोटीला वाचून दाखवायचंय म्हणून ती आदल्या रात्री घरी सराव करते. 'गोष्ट' आणि 'चिमण्या' या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारलेली होती. आईने ऐकलं, मोठ्याने, दोनदा.

मग मला म्हणाली, "हे वाचायचं चालंल बाई. नाक पुसायला ती येणार नाय."

मी हो म्हणून आलेय.